वाचकांचे प्रश्न : रामन राघव, त्याच्या बोटांचे ठसे आणि त्याचे वेड

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या माणसांची डोकी फोडणाऱ्या रामन राघवविषयी आलेल्या पत्रांतले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. फौजदारी वकिली, न्यायवैद्यक आणि मानसोपचार या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरे लिहिली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले, म्हणून जुन्या कलमाबरोबर आजचे कलमही दिले आहे.

रामन राघवने नक्की किती खून केले? कुठे ९ वाचतो, कुठे २३, कुठे ४१. यातले खरे कुठले? (वाचक, चिंचवड)

हे आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, म्हणून ते जुळत नाहीत.

पहिली लाट १९६५-६६ ची. जुन्या जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या मार्गालगत पूर्व उपनगरांत १९ जणांवर हल्ले झाले आणि त्यांपैकी ९ जण दगावले. हा झाला नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा. त्या वेळी परिसरात संशयास्पद फिरताना पोलिसांनी रामनला उचलले होते. जबरी चोरीबद्दल पाच वर्षांची सजा भोगलेला म्हणून तो पोलिसांच्या दप्तरी होताच. पण हल्लेखोराला पाहिलेले, ओळखू शकेल असे कोणी नव्हते. पुरावा नाही, तेव्हा सोडून द्यावे लागले.

दुसरी लाट १९६८ ची, पश्चिम आणि उत्तर उपनगरांतली. पद्धत तीच. रात्रीची वेळ, फुटपाथवर किंवा झोपडीत झोपलेले लोक, जड बोथट हत्यार. अटकेनंतर त्याने पहिल्या लाटेतले २३ आणि दुसऱ्या लाटेतले सुमारे डझनभर खून सांगितले. ४१ हा सर्वांत जास्त छापला गेलेला आकडाही त्याच्या कबुलीतूनच आलेला. म्हणजे ९ हा पोलिसांच्या वहीतला आणि २३ किंवा ४१ आरोपीच्या तोंडचा. न्यायालयात खटला उभा राहिला तो तर मोजक्याच खुनांपुरता.

त्यालाही कारण आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार (कलम २३४) एकाच प्रकारचे, एका वर्षाच्या आत घडलेले जास्तीत जास्त तीनच गुन्हे एका खटल्यात एकत्र चालवता येत. १९७३ च्या संहितेत (कलम २१९) हा आकडा तीनच राहिला, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (कलम २४२) तो पाच झाला आहे. त्यामुळे अशा प्रकरणांत सरकारी पक्ष सगळे खून कोर्टात ओतत नाही. पुरावा सर्वांत पक्का असलेले गुन्हे आधी पुढे करतो. फाशीची शिक्षा व्हायला एक खून पुरतो, ४१ लागत नाहीत. ‘४१ खुनांबद्दल दोषी’ असे कुठे छापलेले दिसले, तर ते चूक समजावे.

संगणक नसताना बोटांच्या ठशांवरून त्याचे नाव कसे सापडले? लाखो कार्डे एकेक करून बघत बसायचे का? (वाचक, सांगली)

आधी क्रम नीट लावू. ठशांमुळे रामन पकडला गेला नाही. २७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरी भागात उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखले. जुना फोटो आणि वर्णन त्यांच्या डोक्यात बसलेले होते. पकडल्यावर त्याने नाव सांगितले ‘सिंधी दलवाई’. हा सिंधी दलवाई म्हणजेच जुना सजायाफ्ता रामन राघव, हे ठशांनी सांगितले. अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी आणखीही नावे त्याला होती. नाव बदलता येते, बोटे बदलता येत नाहीत.

आता कार्ड शोधण्याची युक्ती. ही पद्धत बंगालमधले इंग्रज पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते, पण तिचे गणित बसवण्यात कलकत्त्याच्या पोलीस खात्यातल्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा. जगातले पहिले अंगुलिमुद्रा केंद्रही कलकत्त्यालाच, १८९७ साली सुरू झाले.

आपल्याकडे आजी बोटावर शंख आहे की चक्र हे बघायची, सुरुवात तिथूनच होते. दहा बोटांना क्रमांक द्या. उजवा अंगठा १, तर्जनी २, मधले बोट ३, अनामिका ४, करंगळी ५. डावा अंगठा ६ आणि तसेच पुढे डाव्या करंगळीपर्यंत १०. मग जोड्यांना किंमत द्या. बोटे १ व २ यांना १६, ३ व ४ यांना ८, ५ व ६ यांना ४, ७ व ८ यांना २, ९ व १० यांना १. ज्या बोटावर चक्र असेल त्याचीच किंमत धरायची. शंख किंवा कमान असेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ वर लिहायची, विषम बोटांची बेरीज अधिक १ खाली.

समजा उजवी तर्जनी, उजवी अनामिका आणि डावा अंगठा यांवर चक्र आहे. १६ + ८ + ४ + १ = २९, हे वर. उजवा अंगठा आणि डावी तर्जनी यांवरही चक्र आहे. १६ + २ + १ = १९, हे खाली. वर्ग झाला २९/१९. एकही चक्र नाही तर १/१, सगळी चक्रे तर ३२/३२. असे ३२ × ३२ = १,०२४ कप्पे होतात. कार्ड त्या कप्प्यात जाते, कप्प्यातही रेषांच्या मोजणीवरून पोटविभाग असतात, आणि शेवटी भिंग घेऊन हातात मोजकीच कार्डे उरतात.

चुका होतात त्या शोधताना कमी, ठसा घेताना जास्त. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवावे लागते. नुसते दाबले तर चक्राची बाजू कागदावर येतच नाही आणि चक्राचा शंख दिसतो. शाई जास्त झाली की रेषांमधल्या दऱ्या भरतात, घामेजलेल्या हाताने ठसा ओघळतो. सर्वांत वाईट म्हणजे डाव्या-उजव्या हाताची अदलाबदल, कारण वर्गच बदलतो आणि कार्ड चुकीच्या कप्प्यात कायमचे गाडले जाते. बोट तुटलेले असेल तर दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाचा नमुना धरतात. दोन्हीकडे नसेल तर चक्र धरतात.

गुन्ह्याच्या जागी सापडलेला एखादाच सुटा ठसा या दहा बोटांच्या कपाटात शोधता येत नाही, कारण वर्ग काढायला दहाही बोटे लागतात. म्हणून १९६५-६६ मध्ये त्याचे कार्ड दप्तरी असूनही त्याचा आपोआप उपयोग होणार नव्हता. आजच्या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत सुटा ठसाही शोधता येतो. १९२० च्या जुन्या कायद्यात निर्दोष सुटलेल्याचे ठसे नष्ट करण्याची तरतूद होती. २०२२ च्या कायद्यानुसार नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात.

अटकेच्या वेळी त्याच्याकडे काय सापडले? (वाचक, पेण)

चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहापत्ती आणि काहीतरी गणिती आकडे लिहिलेले दोन कागद. अंगावर बुशशर्ट आणि खाकी हाफपँट, दोन्हींवर रक्ताचे डाग. बूट चिखलाने भरलेले.

पोलिसांनी त्याला कोंबडी खाऊ घातल्यावर त्याने सगळे कबूल केले म्हणतात. अशी ‘लाच’ देऊन घेतलेली कबुली कोर्टात चालते का? (वाचक, नागपूर)

कोंबडीची गोष्ट खरी आहे. सुरुवातीला तो काही केल्या बोलेना. काय हवे असे विचारल्यावर ‘मुर्गी’ म्हणाला. पोट भरून खाल्ल्यावर केसांना तेल, कंगवा, आरसा मागितला, आणि मग बोलू लागला. तपासाची सूत्रे तेव्हा पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती.

ही कबुली कोंबडीमुळे बाद झाली असती का, हा प्रश्नच येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोंबडीशिवाय दिली तरी बादच. पुरावा कायद्याचे जुने कलम २५ तेच सांगते. आमिष, धमकी किंवा वचन देऊन घेतलेल्या कबुलीचे कलम वेगळे, २४, आज साक्ष्य अधिनियमाचे २२. पोलिसांबाबतची जुनी २५, २६ आणि २७ ही तिन्ही कलमे आज २३ मध्ये एकत्र आली आहेत.

उपयोगी पडते ते जुने २७. कबुलीमुळे एखादी वस्तू खरोखर सापडली, तर सापडण्याशी थेट संबंध असलेले तेवढेच शब्द पुराव्यात येतात. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालातला दाखला वकिलीत अजून दिला जातो. ‘छपरात लपवलेला सुरा काढून देतो’ हे ग्राह्य, ‘त्या सुऱ्याने मी अमक्याला भोसकले’ हे अग्राह्य. वाक्य एकच, अर्धे आत, अर्धे बाहेर. रामनने पोलिसांना उपनगरांत फिरवून हत्यारे लपवलेल्या जागा दाखवल्या. खटल्याच्या दृष्टीने त्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा या जागांचे मोल जास्त.

अशा पंचनाम्यांत खटले कुठे पडतात, तेही सांगतो. वस्तू जिथे कोणालाही दिसली असती अशा उघड्या जागी सापडते. निवेदन आधी लिहून मग निघायचे, त्याऐवजी परत आल्यावर दोन्ही कागद एकाच बैठकीत लिहिले जातात. पंच पोलीस ठाण्याचे नेहमीचे असतात आणि उलटतपासणीत ते उघडे पडते. हत्यार जागेवर सीलबंद केलेले नसते. आणि आरोपीने सांगण्याआधीच पोलिसांना जागा माहीत होती असे दिसले, की कलमाचा आधारच जातो.

पूर्ण कबुली हवी असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे घ्यावी लागते, जुने कलम १६४, आज नागरिक सुरक्षा संहितेचे १८३. पोलिसांना खोलीबाहेर काढायचे. ‘कबुली देणे तुझ्यावर बंधनकारक नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ हे समजावून सांगायचे. विचाराला वेळ द्यायचा, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सरवण सिंग खटल्यात किमान २४ तास सुचवले आहेत. आरोपी ‘नको’ म्हणाला तर त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, नाहीतर ‘नको’ म्हणायची हिंमत कोण करील?

कपड्यांवरच्या रक्ताची तेव्हा डीएनए चाचणी झाली का? (वाचक, बारामती)

नाही, ते तंत्र १९८४-८५ मध्ये इंग्लंडात आले. १९६८ मध्ये प्रयोगशाळा तीन पायऱ्या चढत असे. हे रक्त आहे का, माणसाचे आहे का, आणि गट कोणता. गट मिळाला तरी त्यावरून फार तर कोणाला वगळता येते. ‘बी’ गटाचा डाग सापडला आणि मृताचा गट ‘बी’ असला, तरी त्या गटाची माणसे मुंबईत लाखोंनी होती. डाग जुना, धुतलेला किंवा चिखलात मिसळलेला असेल तर गटाचा रकाना बऱ्याचदा अनिर्णीतच राहतो.

तो वेडा होता हे डॉक्टरांनीच सांगितले, तरी फाशी कशी झाली? आणि नंतर ती रद्द कशी झाली? (याच अर्थाची अनेक पत्रे)

या प्रकरणातले मर्म इथे आहे, म्हणून उत्तर लांबणार.

‘वेडा होता की नव्हता’ असा एकच प्रश्न कायदा कधी विचारत नाही. तो विचारतो की कोणत्या दिवशी वेडा होता, आणि त्या दिवशी त्याला काय कळत नव्हते. दिवस बदलला की कलम बदलते, कसोटी बदलते आणि निकालही.

पहिला दिवस गुन्ह्याचा. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, आज न्याय संहितेचे २२. कृत्य करताना मनोविकृतीमुळे आरोपीला कृत्याचे स्वरूप कळत नसेल, किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळत नसेल, तर तो गुन्हा नाही. हे कलम इंग्लंडातल्या १८४३ च्या मॅकनॉटन नियमांवरून घेतले आहे. यात ‘रोग’ हा शब्दच नाही, आहे ते ‘कळणे’. स्किझोफ्रेनियाचा पक्का रुग्णही आपण खून करतो आहोत आणि तो गुन्हा आहे हे जाणत असेल, तर या कलमाखाली सुटत नाही. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर (पुरावा कायद्याचे जुने कलम १०५, आज साक्ष्य अधिनियमाचे १०८). मात्र तो सरकारी पक्षाइतका जड नाही. संभाव्यतेचे पारडे झुकले तरी पुरते, असे दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितले होते.

रामनचा खटला २ जून १९६९ रोजी अतिरिक्त सत्र न्यायाधीशांपुढे सुरू झाला. बचाव पक्षाने वेडाचा मुद्दा काढताच त्याला पोलीस सर्जनकडे पाठवण्यात आले. २८ जून ते २३ जुलै त्याचे निरीक्षण झाले. पोलीस सर्जनचे मत पडले की तो मनोरुग्णही नाही आणि मतिमंदही नाही, खटला चालवण्यास योग्य. पुढे बचाव पक्षाने नायर रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष घेतली. त्यांचे मत असे की रामनला बऱ्याच काळापासून संशयप्रधान स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते चूक किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते. ही साक्ष कलम ८४ च्या दुसऱ्या भागावर नेमकी बोट ठेवणारी होती. तरी १३ ऑगस्ट १९६९ रोजी त्याला दोषी ठरवून फाशी सुनावण्यात आली.

अशा वादात न्यायालये सहसा डॉक्टरांच्या निदानापेक्षा आरोपीच्या वागण्याकडे बघतात. हत्यार लपवले का? नाव खोटे सांगितले का? रात्रीची, निर्जन वेळ निवडली का? पळून गेला का? यांतल्या बऱ्याच गोष्टी रामनने केल्या होत्या. आमच्या मते या कसोटीत एक खोट आहे. ज्याला ‘सरकार माझा छळ करते आहे’ असा भ्रम आहे, तोही पोलिसांपासून लपणारच. लपणे हे अपराधी जाणिवेचे लक्षण असू शकते, तसेच भ्रमाचेही. पण १९६९ मध्ये हा बारकावा मांडणारी साक्ष आजच्यापेक्षाही दुर्मिळ होती.

दुसरा दिवस बचावाचा. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. रामनने अपील करायला नकार दिला, तरी प्रकरण आपोआप मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे वेगळा प्रश्न उभा राहिला. हा माणूस आज मनोविकृत आहे का, आणि त्यामुळे स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे का? सर्जन जनरलांना तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला सांगितले गेले. मंडळाने पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास त्याच्याशी बोलून दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी दिली.

खटला तर आधीच संपला होता. मग बचावाच्या क्षमतेचा प्रश्न आता उरतो का? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ चा तो निकाल ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध सिंधी ऊर्फ रामन’ या नावाने नोंदलेला आहे. फाशी कायम करण्याची कार्यवाही ही मूळ खटल्याचाच पुढचा भाग होय, हा त्यातला विचार फाशीच्या प्रकरणांत आजही उद्धृत होतो. वकिली शिकणाऱ्यांना रामन राघव हा असा, ‘सिंधी’ नावाने भेटतो आणि बहुतेकांना हा तोच हे कळतही नाही.

मधल्या काळात तो पुण्यात होता, येरवडा कारागृह आणि तिथल्या मनोरुग्णालयाच्या उपचारांखाली. आजार बरा होण्यासारखा नाही असे ठरल्यावर ४ ऑगस्ट १९८७ रोजी उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. म्हणजे त्याला ‘निर्दोष’ कोणी ठरवले नाही. कलम ८४ चा लाभ त्याला कधी मिळालाच नाही.

तिसरा दिवस फासाचा. शिक्षा कायम झाली आणि नंतर कैद्याचे मन ढळले तर? शत्रुघ्न चौहान निकालात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार हे फाशी जन्मठेपेत बदलण्याचे एक कारण मानले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आरोपीचे नाव न छापता ‘आरोपी एक्स’ म्हणून दिलेल्या निकालात, शिक्षेनंतर उद्भवलेला गंभीर मानसिक आजार हा शिक्षा सौम्य करण्याचा आधार ठरला. गुन्ह्याच्या दिवशी शहाणा असलेला माणूसही या तिसऱ्या दारातून फाशीपासून वाचू शकतो.

तो नाटक करत नव्हता कशावरून? (वाचक, कोल्हापूर)

मंडळाने नोंदवलेले त्याचे बोलणे बघा. जगे दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि एक हे आपले. आपण कानूनचे प्रतिनिधी, आपण ‘शक्ती’. लोक आपल्याला बाई बनवण्याचा डाव रचत आहेत, पण आपण ‘१०१ टक्के पुरुष’ आहोत. देशात तीन सरकारे आहेत, अकबराचे, इंग्रजांचे आणि काँग्रेसचे, आणि ती आपला छळ करतात. सरकारनेच आपल्याला चोऱ्या करायला मुंबईत आणले. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला तेव्हा त्याने नाकारला. कानूनचा माणूस या दुष्ट जगातल्यांना शिवणार नाही, म्हणाला.

सोंग घेणारा सहसा वेडाची लोकांना वाटते तशी लक्षणे करतो. भुते दिसतात म्हणतो, साध्या बेरजेची उत्तरे मुद्दाम चुकवतो, एकाच वेळी सगळे आजार दाखवतो. डॉक्टर बघत असताना जोर चढतो, खोलीत एकटा असताना जेवतो, झोपतो. खरा भ्रम मात्र आतून घट्ट विणलेला असतो. त्याची तर्कसंगती चमत्कारिक असते, पण ती पाचव्या भेटीतही तीच राहते, आणि रुग्ण आपण वेडे आहोत हे मान्य करत नाही. सोंगाड्याला तर तेच मान्य करवून घ्यायचे असते. म्हणून एका बैठकीतले मत कमी मोलाचे, आणि दोन-दोन तासांच्या पाच बैठका जास्त. कोठडीतल्या पहारेकऱ्याची झोप-जेवणाची नोंदवही मिळाली तर ती मुलाखतीइतकीच उपयोगी.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे ना? मग तो सुटला का नाही? (वाचक, फोंडा)

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. गोपाळ गोडसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केले. दंड संहितेतला २० वर्षांचा उल्लेख हा फक्त शिक्षेचे अपूर्णांक मोजण्यासाठी आहे. १४ वर्षांचा आकडा फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ मध्ये आलेल्या कलम ४३३-अ मधला (आज नागरिक सुरक्षा संहितेचे ४७५), आणि तोही ‘यापूर्वी सोडता येणार नाही’ असा. १४ झाली की सोडलेच पाहिजे असे कुठेही नाही. रामन अटकेपासून सुमारे २७ वर्षे बंदिस्त राहिला आणि ७ एप्रिल १९९५ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मेला.

स्किझोफ्रेनियाचे रुग्ण खुनी होतात का? घरात एक रुग्ण आहे, म्हणून भीती वाटते. (नाव-गाव न छापण्याची विनंती)

नाही. या आजाराचे बहुसंख्य रुग्ण कोणावर हात उगारत नाहीत, उलट त्यांनाच मार खाण्याची, फसवले जाण्याची शक्यता जास्त असते. धोका वाढतो तो औषध बंद पडल्यावर, दारू किंवा नशा जोडीला आल्यावर, आणि घरातलाच कोणी आपल्याला मारणार असा ठाम संशय बोलून दाखवू लागल्यावर. असे झाले तर वाद घालत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रामनवर अटकेआधी कधी मानसोपचार झाल्याची नोंद नाही. तुमच्या घरचा रुग्ण डॉक्टरांकडे जातो, हा फरक लहान नाही.

भाऊ मनोरुग्ण आहे, एका मारहाणीच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे. वकील म्हणतात खटला संपताना बघू. काय करावे? (नाव-गाव न छापण्याची विनंती)

खटला संपेपर्यंत थांबू नका. वर सांगितलेले पहिले दोन दिवस इथे वेगळे ठेवा. गुन्ह्याच्या वेळच्या मनःस्थितीचा बचाव (न्याय संहितेचे कलम २२) पुराव्याच्या टप्प्यावर येईल. पण आज तो खटला समजू शकत नसेल, तर तो अर्ज आजच करायचा, दंडाधिकाऱ्यापुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ खाली, खटला उभा राहिला असेल तर ३६८ खाली. न्यायालय त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे तपासणीला पाठवील. तिथले मत विरोधात गेले तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. असमर्थ ठरला तर खटला थांबतो आणि कलम ३६९ नुसार जामीन किंवा उपचारांच्या ठिकाणी ठेवण्याचा आदेश होतो. प्रकृती सुधारली की खटला पुन्हा सुरू होतो, हेही ध्यानात ठेवा. ही सुटका नव्हे.

कागद गोळा करताना ‘हा दहा वर्षे वेडा आहे’ असे एकच पत्र आणू नका, त्याने काही होत नाही. बाह्यरुग्ण विभागाचे मूळ केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, दुकानाची बिले, रुग्णालयातून सोडतानाचा सारांश, सगळे तारखेनुसार लावा. घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांतले कागद सर्वांत मोलाचे. त्या काळात औषध चुकले असेल तर दुकानाच्या बिलांतला खंडच ते दाखवतो. शेजारी, मालक किंवा शिक्षक यांपैकी ज्याने बदल प्रत्यक्ष पाहिला त्याचे नाव वकिलाला द्या. घरच्यांच्या साक्षीला न्यायालय कमी वजन देते.

तुरुंगात उपचार चालू राहावेत म्हणून अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, सोबत चालू औषधांची चिठ्ठी जोडा आणि पोच घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०३ नुसार मनोरुग्ण कैद्याला उपचार संस्थेत हलवता येते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तुरुंगातूनही करता येतो, पण तुमचा भाऊ तो स्वतः करील या भरवशावर राहू नका.